हवेच्या पाइपाचा वाक

पन्नासच्या दशकात पिंपरीला कारखान्याची क्वार्टर्स उभी राहिली, तेव्हा संडासांचे बिडाचे पाइप मी बसवले. सांध्यात ताग ठोकून शिसं ओतण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, निदान मला तसं वाटायचं. पुढे त्यातलंच एक क्वार्टर मला मिळालं. आईला आणि नव्या बायकोला घेऊन राहायला गेलो.

घरात संडास ही गोष्टच आईला मुळात पसंत नव्हती. त्यात काही महिन्यांत वास येऊ लागला. खापर सुनेवर फुटलं. "माहेरी शिकवलंच न्हाई, तर ही काय धुणार!" बायको दिवसातून चारदा फिनेल टाकून घासायची. हातांची सालपटं निघाली, वास जाईना. आईनं तिच्या हातचं खाणं सोडलं.

एकदा बायको मला म्हणाली, "अवो, शेजारी साखळी वढली की आपल्या भांड्यातलं पाणी गुडगुडून खाली जातंय. पायपातच कायतरी हाय."

मी भडकलो. "पाइपातलं तू मला शिकवणार?"

त्याच आठवड्यात आईनं हट्ट धरला आणि मी बायकोला कुरुळीला, तिच्या माहेरी, सोडून आलो. इतका मी शहाणा!

आता संडास आई धूत होती. वास तसाच. शेवटी ती देवळात गेली असताना मी शिडी लावली. मैल्याच्या पाइपाला फाटा जोडताना त्याचा वाक खाली ठेवतात, घाण उतरून जावी म्हणून. भांड्यातलं वास अडवणारं पाणी ओढलं जाऊ नये म्हणून शेजारी हवेचा पाइप असतो; त्याला तो वर हवा. मी सवयीनं तोही खालीच केला होता, आणि तोंड जुळवायला मध्ये खोलगट वळण घातलं होतं. त्यात पाणी नि गंज साचून हवा कोंडली होती. म्हणून भांड्यातलं पाणी ओढलं जाई आणि गटाराचा वास थेट घरात येई. फाटा उलटा करून बसवला. दोन दिवसांत वास गेला.

"बघ," आई म्हणाली, "माझा हात लागला आन् वास गेला. तीच घाणेरडी व्हती."

"व्हय," मी म्हणालो. खरं सांगितलं तर नोकरी जाईल वगैरे कारणं मला नंतर सुचली. खरं तर आईपुढे कमीपणा घ्यायची लाज वाटली.

कुरुळीला जाऊन बायकोला मात्र सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्याबाईंस्नी सांगितलंत?"

"न्हाई," मी म्हणालो. ती उठून आत गेली. पुढे दोनदा बोलावणं धाडलं, पण ती नांदायला आली नाही. आई मरेपर्यंत शेजारणींना सुनेच्या घाणीची गोष्ट सांगायची, आणि मी तिथंच बसून ऐकायचो.