जेवणानंतरचं पहिलं पोतं

सन दोन हजार नऊ. मी एकसष्ट वर्षांचा, पोह्यांच्या गिरणीचा मालक. शिक्षण चौथी, तेही गुरुजींनी ढकललं म्हणून. पण रोह्यात पोहे निवडायचं कॉम्प्युटरवालं मशीन पहिलं आणलं ते मी, आणि हे कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

मशीनचं काम सोपं. वरून पोहे ओतायचे, ते पातळ धारेनं खाली पडतात, कॅमेरा बघतो, काळा पोहा दिसला की कॉम्प्युटर हवेचा फटका मारून त्याला बाजूला उडवतो. आधी हे काम सुपं घेऊन बसलेल्या बाया करायच्या. मशीन आलं, बाया गेल्या. पोहे ओतायला एकच ठेवली, नदीपलीकडच्या अष्टमी गावची.

मग पेणच्या व्यापाऱ्यानं पोतं परत पाठवलं. काळ्यांनी भरलेलं. पुढे आणखी एक. मी पाळत ठेवली. सकाळचा माल लख्ख. घाण निघायची ती जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पोत्यात. सुट्टीत मशीनपाशी ती एकटी बसायची. मी बाजूच्या काचेच्या खोलीत, मशीनच्या कॉम्प्युटरपुढे. मला वाटलं, मैत्रिणींचं काम गेलं त्याचा राग ही काढतेय, मुठीनं काळे टाकतेय.

हमालांसमोरच विचारलं, "काय गो, मशीनशी दुश्मनी हाय का तुझी?"

"मी कशाला टाकू, शेट? खुळी हाय का मी? तुमचं मशीनच जेवून सुस्तावतंय!"

हमाल खो-खो हसले. ते हसले म्हणून मी जास्त पेटलो. तिथल्या तिथं तिला काढलं. काळे टाकणारी असं नाव पडलं, मग दुसऱ्या कुठल्या गिरणीनं तिला दारात उभं केलं नाही. हे माझ्या कानावर आलेलं.

ती गेली तरी पोतं घाणच. जाताना काहीतरी करून गेली असणार, असं मी धरून बसलो.

दिवाळीला पुतणी आली. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. दुपारी गिरणीत माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "काका, मशीनच्या कॉम्प्युटरवर हे काय लावलंय?"

"कुस्त्यांची सीडी. रोज जेवताना बघतो. सुट्टी संपली तरी चाललेली कुस्ती सुटेपर्यंत बंद करत नाय."

ती हसली नाही. म्हणाली, कॉम्प्युटरची हाताजवळची जागा म्हणजे मेमरी, ती थोडी असते. प्रोग्रॅम तिथं तुकड्यांनी ठेवलेला असतो, त्या तुकड्याला पान म्हणतात. जागा कमी पडली की गप्प बसलेल्या प्रोग्रॅमची पानं उचलून डिस्कवर टाकतात. सुट्टीत मशीन गप्प, तुमच्या कुस्त्या जोरात. मग पोहे सुरू झाले, प्रोग्रॅमनं पान मागितलं, ते जागेवर नाही. याला पेज फॉल्ट म्हणतात. प्रोग्रॅमला थांबवायचं, पान आणायचं, मग पुढे. तुमच्या कुस्त्या चालूच, त्यामुळे असं पुन्हा पुन्हा.

"थांबतो तरी किती?"

"डोळा लवतो तेवढा. पण काका, सुटलेला पोहा थांबतो का?"

नाही थांबत. फटका यायच्या आत काळा पोहा पोत्यात.

तिनं मशीनवाल्याला फोन लावला आणि त्याच्याकडून प्रोग्रॅममध्ये बदल करून घेतला. आता सुरू होतानाच त्याची पानं मेमरीत कुलूपबंद व्हायची, जागेची कितीही ओढाताण झाली तरी हलायची नाहीत.

मी म्हटलं, "मग कुस्तीलापण लाव कुलूप."

"सगळ्यांना लावलं तर बाकीच्यांना जागाच उरणार नाही, कॉम्प्युटर जागीच अडकेल. ज्याला थांबून चालत नाही त्यालाच लावायचं."

दुसऱ्या दिवशी सुट्टीनंतर कुस्ती चालू ठेवूनच पोहे ओतले. लख्ख पडले. पुतणीला वाटलं, काका खूश होतील. माझ्या डोळ्यांसमोर ती बाई, आणि खो-खो हसणारे हमाल. तिनं बरोबर सांगितलं होतं, आणि सुस्तावायला लावणारा मीच. मालकानं असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, दिवाळीचा फराळ पाठवून देऊ, असंही मनात येऊन गेलं. त्याचीही लाज वाटली.

सकाळी पूल ओलांडून अष्टमीला गेलो. ती अंगण झाडत होती. झाडू थांबवला नाही.

"चूक माझी होती गो," मी म्हटलं.

"हितं कोंबड्यांना सांगताव काय, शेट? मला काढलंत ते चारचौघांत."

"चल मग गिरणीत," मी म्हटलं. ती पायांत चपला घालेपर्यंत थांबलो. पूल दोघांनी चालत ओलांडला. गिरणीत हमालांना पोती खाली ठेवायला लावली, कॉम्प्युटरातली कुस्तीची सीडी काढून सगळ्यांपुढे धरली आणि काळे पोहे कुणामुळे पडत होते ते तिच्या समोर मोठ्यानं सांगितलं.