भट्टीवरचा धावजी

दारव्ह्याजवळच्या तांड्यातला धावजी आडे यवतमाळच्या एमआयडीसीत बुशच्या कारखान्यात भट्टीवर होता. कापसाचे भाव पडून सरकी काढणारी एकेक जिनिंग बंद पडत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. जिनिंगच्या यंत्रांना लागणारे बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी कडी, तिथं बनत. लोखंडाची भुकटी प्रेसवर साच्यात दाबून त्याचं कडं करायचं. हे कच्चं कडं चिमटीतही फुटे. मग ते भट्टीतून जाई. भुकटी वितळत नसे, पण त्या धगीत कणाला कण चिकटे आणि यंत्राचा भार सोसणारा बुश बाहेर येई. प्रेसवर धावजीची बायको मानीबाई आणि तांड्यातल्याच काही बाया होत्या.

लोखंड जळू नये म्हणून भट्टीत हायड्रोजन सोडलेला असे. भट्टी तापलेली असेपर्यंत भीती नव्हती. पण निवताना आत हवा शिरली तर स्फोट ठरलेला. म्हणून वीज गेली की नायट्रोजन सोडून तो गॅस हाकलायचा. मागणी घटल्यावर मालकानं नायट्रोजन मागवणंच बंद केलं. धावजीनं सुपरवायझर श्रीकृष्णला सांगून पाहिलं.

"जनरेटर हाये ना भाऊ! कायले घाबरून राह्यला?" श्रीकृष्ण म्हणाला.

चैत्रातल्या एका दुपारी भारनियमनात वीज गेली आणि जनरेटर सुरूच होईना. धावजीनं नायट्रोजनचा नळ उघडला. टाकी कोरडी. बाहेर येणारा गॅस जाळायला भट्टीच्या तोंडाशी ठेवलेली ज्योत हवेबरोबर आत ओढली जाऊ लागली, तसा तो प्रेसकडे ओरडला, "बाहेर निंघा साऱ्या! मानी, पय!"

बाया आवारात पोचल्या. हायड्रोजनच्या टाक्या पेटल्या तर अख्खी शेड गेली असती, म्हणून धावजी त्या बंद करायला मागं गेला. शेवटचा नळ त्यानं आवळला आणि भट्टी फुटली.

धावजीचे दोन्ही हात भाजले. दवाखान्यात श्रीकृष्ण नारळपाणी घेऊन आला.

"उद्या चौकशीचे साहेब येतीन. तू सांग, 'नायट्रोजन सोडाचं माह्याकडून राह्यलं.' मालक कारखाना पुन्हा चालू करतीन. नाही त सील लागते."

मानीबाई खाटेशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी धावजीनं साहेबांना सांगितलं, "टाकी रिकामी होती. लय दिवसांपासून रिकामीच होती."

कारखान्याला सील लागलं ते कायमचं. बाया परत दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाऊ लागल्या. धावजीच्या दारावरून जाताना त्या मान फिरवून घेत.

एका संध्याकाळी मानीबाईच म्हणाली, "खरं बोलून काय भेटलं तुमाले? तुमचे हात त गेलेच होते. आमचे काहून बंद पाडले?"

"तशाच रिकाम्या टाकीपाशी माह्या जागी उद्या दुसरा कोणी उभा राह्यला असता, मानी."

"राह्यला असता. त्याच्या घरी चूल त पेटली असती."

मानीबाईनं भाकर दुधात कालवली आणि त्याला भरवू लागली.

भाजून आखडलेली त्याची बोटं पुन्हा कधी उघडली नाहीत. वावरात जाण्याआधी मानीबाई त्याला रोज जेवू घालून जाई. तो विषय मात्र दोघांनी परत काढला नाही.