पाचवी टाचणी

माझ्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम करतात, आणि गेली तीस वर्षं तोंडात टाचण्या धरून बोलतात. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. गिऱ्हाईक स्टुलावर उभं, जाऊबाई खाली गुडघ्यांवर, ओठांत मोजून पाच टाचण्या. एकेक काढायची, दुमडीत खोचायची. त्या वेळचं त्यांचं बोलणं फक्त घरच्यांना कळतं. लांबलचक "हूंऽऽ" म्हणजे सरळ उभ्या राहा. तुटक "हूं हूं" म्हणजे पोट आत ओढून उपयोग नाही, कोट पोटासकटच घालायचाय. गिऱ्हाइकाला वाटतं, बाई किती शांत!

मागच्या वर्षी त्यांच्या खालच्या ओठाची डावी बाजू बधिर झाली. मग डाव्या हाताची दोन बोटं. मग मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं व्हायला लागलं. जिचा धंदाच मान खाली घालून करायचा, तिच्या पाठीत ही वायरिंग कशासाठी, हे मी रोज दिवा लावताना देवाला विचारते. उत्तर अजून यायचंय.

गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मग विचारलं, "टेन्शन घेता का?"

"घेत नाही, देते," जाऊबाई म्हणाल्या. "यांना विचारा."

हे म्हणजे आमचे भाऊजी. निवृत्त झाल्यापासून त्यांना मोबाइल आणि वेळ, दोन्ही भरपूर. रोज सकाळी चहाबरोबर ते बायकोसाठी एक नवा आजार शोधून काढायचे. एकदा तर सगळी लक्षणं तंतोतंत जुळली. भाऊजी हुंदके द्यायच्या बेतात. मी मोबाइल घेऊन खालचं वाचलं, तर तो आजार फक्त मेंढ्यांना होतो.

"मग होऊ शकतो," जाऊबाई म्हणाल्या. "तीस वर्षं मान खाली घालून तुमच्या मागेच चालले ना?"

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लागला. ते म्हणाले, "डोळे मिटा आणि बोट नाकाला लावा." बोट गालाला लागलं. "नाक सरकलं वाटतं," जाऊबाई म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक टाचणी काढली, हाताला टोचून बघायला. जाऊबाईंनी ती निरखली आणि नाक मुरडलं. "ही बोथट आहे हो, डॉक्टर. हिनं काय कळणार?" असं म्हणून आपल्या बाहीत खोचलेली, मोत्याच्या डोक्याची टाचणी काढून त्यांच्या हातात दिली. बाहीत एक टाचणी कायम असतेच त्यांच्या.

उजव्या हाताला टोचल्यावर "आई गं!" झालं. मग डॉक्टर डावीकडे वळले. जाऊबाई डोळे मिटून बसलेल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सुरू करा की, कशाला थांबलात?"

डॉक्टर मघापासून टोचतच होते.

ते म्हणाले, एमआरआय झाल्याशिवाय आजाराचं नाव सांगता येणार नाही. एमआरआयची तारीख मिळाली नऊ आठवड्यांनंतरची.

बिननावाच्या आजाराला कुणी इज्जत देत नाही. भेटायला येणाऱ्या बायका आधी विचारायच्या, "झालंय काय?" आम्ही म्हणायचो, "माहीत नाही." की लगेच त्यांचा चेहरा असा, की म्हणजे काहीच झालेलं नाही. एक म्हणाली, "तुम्ही तर छान दिसता." जाऊबाई म्हणाल्या, "तुम्हीपण दिसता, पण आतलं कुणाला माहीत?" ती परत आली नाही.

एकदा कापड बेतताना मात्र त्या खडू खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "नाव काही का असेना गं. माझा हात शाबूत ठेवणारं असलं म्हणजे झालं." त्यांनी परत खडू उचलला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा धरला.

एमआरआयच्या आदल्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाई कोट अंगावर घालून बघायला आल्या. त्या गेल्यावर जाऊबाईंनी नेहमीप्रमाणे मोजदाद केली. पाच घेतल्या होत्या. कोटाच्या दुमडीत चार. तोंडात एकही नाही. मग लोहचुंबक निघाला. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला तो दुकानात असतोच. सगळ्या फरशीवरून फिरवला. हुक निघाले, एक जुनी किल्ली निघाली, टाचणी नाही.

"गिळली तर नाही ना?" मी विचारलं.

"गिळली असती तर कळलं असतं." एवढं बोलून त्यांनी खालच्या ओठावरून बोट फिरवलं. त्या ओठाला काही कळत असतं, तर आम्ही दवाखान्याच्या वाऱ्या कशाला करत होतो?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी त्यांना हळूच म्हटलं, "जाऊबाई, टाचणीचं बोलू नका. तारीख गेली तर परत नऊ आठवडे. मी मनात नाव घेत बसते. देव बघून घेईल."

"अगं, देव बघेलच. पण त्या यंत्रात मला झोपायचंय. एवढ्याशा चुंबकाकडे टाचणी कशी धावत येते ते मी रोज बघते. त्यातला चुंबक तर खोलीएवढा आहे."

मला माझीच लाज वाटली. देवाचं नाव पुढे करून मी त्यांना खोटं बोलायला सांगत होते.

त्या दवाखान्याचा झगा घालून आल्या. तंत्रज्ञ पोरगी कागद घेऊन विचारत होती, "शरीरात काही धातू?"

"एक टाचणी असेल. नसेलही."

पोरीनं पेन खाली ठेवलं. त्यांचा नंबर पुढच्याला गेला आणि आमची रवानगी खाली एक्स-रेला. तासाभरानं एक्स-रेवाला घाईघाईनं बाहेर आला. "बाई, टाचणी आहे! छातीत, डाव्या बाजूला!"

मी मनात देवाचं नाव घ्यायला लागले. जाऊबाईंनी मात्र फोटो उजेडाकडे धरून नीट बघितला. "डोकं मोत्याचं आहे. ही तर माझी बाहीतली!" झग्याचा बंद तुटका होता म्हणून त्यांनी कपडे बदलताना सवयीनं डाव्या खांद्याखाली टाचणी लावली होती. "असले झगे शिवणाऱ्याला आधी यंत्रात घाला."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसत हसतच मी टाचणी काढायला गेले, तर ती नुसत्या झग्यात नव्हती. कातडीतून आरपार गेली होती. झग्यावर रुपयाएवढा लाल डाग. तासभर त्या ती टाचणी अंगात घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांना पत्ता नव्हता.

जाऊबाईंनी डाग बघितला. मग आयुष्यात पहिल्यांदाच, तोंडात काही नसताना, गप्प बसल्या. मी त्यांचा उजवा हात धरला. डावा धरून काय उपयोग?

दुसरा एक्स-रे स्वच्छ आला. पण नंबर गेलेला. आम्ही बाकावर बसून राहिलो. तेव्हा जाऊबाईंनी नर्सकडून सुई-दोरा मागितला आणि तुटक्या बंदांचे झगे मांडीवर घेतले. सुई मी ओवून दिली. "जन्मात इतके वाकडे टाके घातले नाहीत," त्या म्हणाल्या, पण सात झगे शिवले. शिवता शिवता तंत्रज्ञ पोरीला तिच्या पँटची शिलाई कुठे चुकलीय तेही सांगितलं. संध्याकाळी सगळे पेशंट संपल्यावर तीच पोरगी आली. "चला मावशी, जेवण नंतर करते. तुमचं आधी उरकू."

कोट पुरा करून दिल्यावर दोन दिवसांनी शाळेच्या बाईंचा फोन आला. नवा कोट चावतो म्हणाल्या. पाचवी टाचणी अस्तरात होती.

रिपोर्टमध्ये पांढरे ठिपके निघाले. ते कशाचे, ते अजून नक्की नाही. आता पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासायचंय. हात राहील का, असं जाऊबाईंनी सरळच विचारलं. "आत्ता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, म्हणून मला ते आवडले.

तोंडात टाचण्या धरायला मात्र सक्त मनाई झाली. आता त्या गुडघ्यांवर बसतात आणि मी शेजारी उभी राहून एकेक टाचणी त्यांच्या उजव्या हातात देते. त्यांचं तोंड मोकळं असतं. तीस वर्षं जे हूं हूं होतं, ते सगळं गिऱ्हाइकाला आता स्पष्ट ऐकू येतं. परवा शाळेच्या बाई स्टुलावरून उतरल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काय तो आजार असेल तो लवकर शोधा हो. बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या तेच बरं होतं."