पापणीवरचं लेबल

साहेबाने गठ्ठ्यातलं एक लेबल उचललं, जिभेने ओलं केलं, माझी डावी पापणी वर ओढली आणि कपाळाला चिकटवून टाकली. लेबलावर छापलं होतं, ‘तपासले’.

“आता झोपून दाखव,” म्हणाला.

लाइनीतल्या सगळ्या बायका हसल्या. मीपण हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले. या माणसाने माझ्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं. त्याची थुंकी माझ्या कपाळावर.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. साकीनाक्याला औषधांचा कारखाना होता. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या दिव्यासमोर धरायच्या, आत कण, केस, काही दिसलं की ती कुपी बाजूला टाकायची, हे माझं काम. चार वर्षं मी लाइनीत एक नंबर. हाच साहेब पाहुण्यांना सांगायचा, हिच्या डोळ्यातून काही सुटत नाही.

मग डोळ्यांची वाट लागली. सकाळी एकदम ठीक. जेवणाच्या सुट्टीनंतर पापण्या खाली यायच्या, दुकानाचं शटर ओढावं तशा. एका कुपीच्या दोन दिसायच्या. कण खऱ्या कुपीत की खोट्या, कळायचंच नाही. घरी भाकरी चावता चावता जबडा दमायचा. दोनाचं एक दिसावं म्हणून रस्ता ओलांडताना एक डोळा मिटून घ्यायचे, तर एक मेला म्हणाला, “काय गं, डोळा मारतेस?”

साहेबाला मी आधीच सांगितलं होतं. “साहेब, एकाच्या दोन दिसतात. दुपारचा माल दुसरीला द्या ना.”

“दोन दिसतात? मग दुप्पट माल तपास,” म्हणाला. “तुम्हा लोकांच्या अंगातच आळस.”

तुम्ही लोक म्हणजे कोण, ते मला शाळेतल्या पाण्याच्या माठापासून ठाऊक होतं.

लेबल लावलं त्याच दिवशी त्याने कागद पुढे केला. ओळी एकमेकींवर चढलेल्या. मी विचारलं, काय लिहिलंय? “कामावर झोपलीस, ते कबूल. कर सही.” केली. करणार काय? घाटकोपरच्या टेकडीवरची आमची खोली माझ्या पगारावर चालायची. बाबा गिरणीतून खोकला घेऊन आलेले, अंथरुणाला खिळलेले. सोडून जाणार कुठे? सकाळी जाग आली की पहिला विचार हाच, आज डोळे किती वाजेपर्यंत टिकतील?

आईने दृष्ट काढून काढून मिरच्या संपवल्या. “कोणाची नजर लागली गो माझ्या चेडवाक?” शेवटी तीच मला सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वर बघत राहा.” मी बघत राहिले. मिनिटाभरात पापण्या पडल्या. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “हा आळस नाही. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून ते दमतात. आजार आहे हा.”

त्यांनी इंजेक्शनची कुपी काढली. सवयीने मी म्हटलं, “बघू?” दिव्यासमोर धरली. दोन दिसल्या.

इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात पापणी वर गेली. आपोआप. समोर एकच डॉक्टरीणबाई. एकच आई, पदराने डोळे पुसणारी. मी हमसून हमसून रडले. आळशी नव्हते मी! काही मिनिटांनी सगळं पुन्हा दोन-दोन झालं. बाई म्हणाल्या, हे पुरतं जाणार नाही, गोळ्यांवर सांभाळायचं.

पण अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीने. माझ्या दंडात गेलेली ती कुपीसुद्धा कुणीतरी माझ्यासारखीनेच पास केली असणार. आणि मी? किती दुपारी किती कुप्या अंदाजाने पास केल्या होत्या? त्या कुणाच्या दंडात गेल्या?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी कुप्यांचा ट्रे बाजूला सरकवला. “साहेब, सकाळी तपासीन. दुपारी खोकी भरीन. न दिसलेला माल पास करणार नाही.” हॉस्पिटलचा कागद त्याच्यासमोर ठेवला.

त्याने तो उघडलासुद्धा नाही. राजीनामाच टाइप करून आणला. “बाहेर पन्नास पोरी उभ्या आहेत. कर सही.”

मी एका बोटाने पापणी वर धरली, दुसरा डोळा मिटला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. ‘कामावर झोपत असल्याची कबुली देऊन मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.’ लाइन ऐकत होती. कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूने उठलंही नाही.

“खोटं आहे हे,” मी म्हटलं. “आधीचा कागदही फाडा.”

साहेबाचा हात लेबलांच्या गठ्ठ्याकडे गेला.

“हात लावून बघ,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. मला समोर दोन साहेब दिसत होते. दोघांनाही सांगितलं, कामावरून काढायचं तर काढ. पण झोपले म्हणून मी लिहून देणार नाही. आज नाही, उद्या नाही, या दोन्ही पापण्या कायमच्या मिटल्या तरी नाही.