बाळ जागं होतं

मंडळी, दुपारपासून ओढणीला ओव्याच्या धुरीचा वास येतोय आणि ती धुवावीशी वाटत नाही.

बाळंतिणींच्या मनाच्या आरोग्यावर आमचं संशोधन चालू आहे. त्यासाठीच आज पारनेरकडच्या एका गावात गेले होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली पोरगी, कानाला घट्ट स्कार्फ, मांडीवर बाळ. मी तिला विचारलं, "झोप लागते का गं?"

उत्तर तिच्या आईनं दिलं. "तिला काय धाड भरलीय? लई मजेत हाय!"

पुढच्या प्रश्नालाही आईच बोलली. तेवढ्यात बाळ कुरकुरलं, म्हणून मी ते घेतलं. तिचे हात रिकामे झाले आणि ती पोरगी भिंतीला टेकून तिथंच झोपली. खोलीत निळसर धूर तरंगत होता. वाटलं, आपण सगळेच तिच्या स्वप्नात बसलोय.

आई लेकीकडे बघतच राहिली. मग हळूच उठून तिनं टीव्ही बंद केला.

इतक्यात टोपडं घेऊन शेजारीण दारात आली. "बाळ झोपलंय का?"

"न्हाई, बाळ जागं हाय," आई कुजबुजली. "माझी लेक झोपलीय. उद्या ये."

बाळ बघायला आपण सगळेच जातो. बाळाची आई बघायला कधी गेलाय का?