एकच फुंकर, दोन निकाल

आज रियाधमध्ये फुफ्फुसं तपासायच्या नव्या मशीनचं खोकं उघडलं. रबरी नळीचा वास आला आणि मी वीस वर्षांपूर्वीच्या, सौदीतल्याच हुफूफ गावामध्ये जाऊन बसले.

तेव्हा तिथल्या दवाखान्यात मी फुफ्फुसांची तपासणी करायचे. मशीन आधी रुग्णाचा वंश विचारायचं; काळ्यांची फुफ्फुसं मुळातच लहान असं धरून त्यांना कमी फुंकरही पुरेशी मानायचं. खजुराच्या बागेतले काळेसावळे माळी अबू सालेह यांनी खोकत खोकत नळीत फुंकर मारली. आमचे युरोपियन डॉक्टर म्हणाले, "काळा निवडा." निकाल आला, नॉर्मल. मी हट्टाने 'गोरा' निवडलं. त्याच फुंकरीचा निकाल, आजारी!

"सिस्टर, हे शास्त्र आहे."

"कुठलं, सर? तुमच्याकडच्या पंडितांनी आधी कवट्या मोजून माणसांचे वंश पाडले, मग त्यांना रंग लावले. जुन्या पुस्तकात आम्ही भारतीय तुमच्याच गोऱ्या गटात होतो, या मशीनमध्ये वेगळे. मधल्या काळात आमची फुफ्फुसं बदलली का?"

माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होता. तरी दोन्ही निकालांचे कागद मी त्यांच्यापुढे ठेवले.

"यल्ला, लवकर सांगा, मी बरा की आजारी?" अबू सालेहांनी विचारलं.

डॉक्टरांनी 'आजारी'चा कागद ओढून औषध लिहिलं.

आजच्या या नव्या मशीनमध्ये वंशाचा रकानाच नाही. माहितीपत्रकात त्याला 'नवी सुधारणा' म्हटलंय. नवी कसली डोंबलाची! एका खोकणाऱ्या माळ्यासाठी ती मी हुफूफमध्ये तेव्हाच केली होती.