सईचं गाव

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. अबुधाबीतलं इमिग्रेशन ऑफिस, सकाळची गर्दी, आणि खुर्चीवर ताठ बसलेली आमच्या सुहासची सई... शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. युनिफॉर्म घालूनच यायचं, हे मीच बजावलं होतं.

सुहासची कंपनी बंद पडली आणि त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. इथे बापाचा व्हिसा गेला की बायकोमुलांचाही जातो. सई इथेच जन्मली, इथेच वाढली, यंदा बारावीला. परीक्षा होईपर्यंत राहू द्या, एवढीच विनंती. ती एकदा नामंजूर झाली होती, म्हणून हे अपील.

अपील मी लिहिलं, अरबीत. अरबी मी कुठल्या क्लासात शिकलो नाही... ड्रायव्हर म्हणून आलो, दुकानांच्या पाट्या वाचत शिकलो, आणि आज एका कंपनीची व्हिसाची सगळी कामं बघतो. माझ्या अर्जात एका नुक्त्याची चूक कुणी काढून दाखवावी! सगळा अर्ज एका वाक्यावर उभा केला होता: या मुलीला दुसरं घर ठाऊक नाही.

साहेबांनी सावकाश वाचलं. "हे कोणी लिहिलं?" "मी." त्यांनी कौतुकाने मान हलवली. मला वाटलं, खलास, काम झालं...

मग ते सईकडे वळले आणि हिंदीत म्हणाले, "बेटा, तुम किधर का?"

"कराड, सर."

अगदी खणखणीत.

बोलायला लागल्यापासून सुहासने तिच्याकडून हे घोटून घेतलं होतं. मंडळाच्या गणपतीत कोणीही विचारायचं, "बाळ, गाव कुठलं?" हिने "कराड!" म्हटलं की हातावर पेढा पडायचा. आपण सगळेच करतो हे... पोरं परदेशात वाढतायत, गाव विसरू नयेत म्हणून.

सवयीने सुहासची मान क्षणभर अभिमानाने वर झाली. आणि मग चेहरा पडला.

"अच्छा, इंडिया में घर है. माशाल्ला," साहेब हसून म्हणाले. मी घाईघाईने समजावलं, की सर, ती तिथे फक्त सुट्टीला जाते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात उत्तर आलं... नामंजूर.

त्या एका शब्दामुळे झालं असं मी म्हणणार नाही. नियम आहेत, आणि साहेब माणूस म्हणून चांगले होते. पण सुहास आणि त्याच्या बायकोकडून मी सगळी उत्तरं तयार करून घेतली होती... पोरीलाही काही विचारतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी इमिग्रेशन ऑफिसातून परतताना गाडीत सई म्हणाली, "अंकल, आय डोन्ट ईव्हन नो द स्विचेस इन दॅट हाउस." सुहास पुढच्या सीटवरून म्हणाला, "तू बरोबरच बोललीस गं."

परवा तिचा कराडहून मेसेज आला. नव्या कॉलेजात पहिल्याच दिवशी मुलींनी विचारलं, "कुठली गं तू?" आणि ही चटकन म्हणाली, "अबुधाबी."

उत्तर अगदी बरोबर आहे, सई... फक्त विचारणारे ते साहेब नव्हते.